मोहनाचं शेवटचं दार

फार फार वर्षांपूर्वीची, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

काळ्या कातळाच्या एका डोंगरात खोल गुहा होती. त्या गुहेत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ चालायचा. बाहेर भर दुपार असली तरी आत काळोख, त्यामुळे खेळाला रात्रीची वाट पाहावी लागत नसे. पुढे पांढरा पडदा, पडद्यामागे तेलाचा मोठा दिवा, आणि दिव्यासमोर बाहुल्या नाचवणारा रायाजी. त्याची बायको येसू शेजारी बसून गायची.

हा खेळ पोराटोरांचा नव्हता. गुहेच्या तोंडाशी हळदीने माखलेला एक दगड होता. ज्यांच्या अंगाला लग्नाची हळद लागून गेली आहे, त्यांनीच तो ओलांडायचा. कारण आतल्या गोष्टीत ओढ होती, मत्सर होता, विष होतं, आणि नवरा-बायकोही एकमेकांना उजेडात सांगत नाहीत असं बरंच काही होतं. लोक आत जाताना इकडेतिकडे बघत जायचे आणि बाहेर पडताना खाली मान घालून निघायचे. पण यायचे मात्र न चुकता.

गोष्ट होती मोहना राणीची. राजाने तिला महालात कोंडलं होतं, आणि महालाच्या अगदी आतल्या दारामागून कोणीतरी तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारत होतं. त्या हाकेमागे मोहना एकेक दार उघडत आत जायची. प्रत्येक दाराशी येसू गाणं थांबवून विचारायची, "सांगा मंडळी, राणीनं दार उघडावं का मागं फिरावं?" लोक ओरडायचे, आणि ते म्हणतील तशी रायाजी गोष्ट वळवायचा. असा खेळ साऱ्या मुलखात दुसरा नव्हता.

रायाजीच्या गुरूने मरताना त्याला एक रीत सांगून ठेवली होती. "बाहुलीचा डोळा सगळ्यात शेवटी कोरायचा. डोळा कोरला की ती बघायला लागते. आणि गोष्ट संपली की त्या डोळ्यात मेण भरून तिला नदीत सोडायचं. उघडा डोळा तसाच ठेवू नकोस, बाबा. तो मिटायची वाट बघत राहतो, आणि त्याच्याबरोबर बघणारेही अडकून पडतात." रायाजीने तेव्हा मान डोलावली होती. तरण्या वयात मान डोलवायला काय जातं?

पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, येमाजी बसायचा. खाली गावात त्याचा तेलाचा घाणा होता. दर खेळाला तो बुधलाभर तेल घेऊन डोंगर चढायचा आणि म्हणायचा, "राणीच्या महालात अंधार नको." त्याच्या तेलावरच गुहेतला दिवा जळत होता.

दारं उघडत उघडत एकदा मोहना शेवटच्या दाराशी आली. येसूने विचारलं आणि सगळी गुहा एका आवाजात गरजली, "उघड!"

रायाजीचा हात मात्र तिथेच थांबला. दार उघडलं की गोष्ट संपली. हे लोक अंग झटकून उठतील, घरी जातील, मग तेल कोण आणणार? ही झाली सांगण्यासारखी भीती. न सांगण्यासारखी वेगळीच होती. आपली कोणीतरी इतकी वाट बघतं, हे रायाजीला फार गोड लागलं होतं. शिवाय दारामागे कोण आहे ते त्याने कधी ठरवलंच नव्हतं. तिथे ठेवायची बाहुली त्याने कोरलीच नव्हती.

त्याने पडद्याआडून आवाज दिला, "मंडळी, या दारामागचं दृश्य असल्या साध्या बाहुलीला पेलणार नाही. मी नवी मोहना कोरतो. जरा धीर धरा."

येमाजी उठून उभा राहिला. "सावकाश करा, रायाजी. घाई नाही. आम्ही थांबू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवी मोहना आली. तिची मान वळायची, कंबर लचकायची. गोष्ट पुन्हा पहिल्या दारापासून सुरू झाली आणि पुन्हा शेवटच्या दाराशी थांबली. मग आणखी नवी मोहना आली. मग कोणी म्हणालं, राणीला धाकटी बहीण हवी. कोणी म्हणालं, बहिणीला चोरून भेटणारा कोणी हवा. येमाजीने लाजत लाजत महालात एक मिशाळ तेलवाला मागितला. रायाजीने सगळ्यांचं सगळं पुरवलं. टोपल्या भरल्या, कोनाडे भरले. प्रत्येक बाहुलीचा डोळा कोरलेला होता आणि मेण एकीच्याही डोळ्यात नव्हतं.

नवखे लोक अधूनमधून यायचे. "ही कोण? हा कशाला रडतो आहे?" असं विचारायचे. पहिली रांग त्यांच्यावर खेकसायची, "पहिल्यापासून बघितलं नाही तर कळायचं नाही तुम्हाला. गप बसा, नाहीतर उठा." ते बिचारे उठायचे. रायाजी पडद्यामागून हे ऐकायचा आणि सुखावायचा. माझी माणसं किती माझी आहेत! अशा वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालायला कोणी वडीलधारं उरलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

येसू मात्र थकली होती. दाराशी उभ्या राणीचं तेच गाणं गाऊन गाऊन तिचा गळा बसला होता.

"अहो, उघडू द्या ना तिला दार," ती म्हणाली.

"अजून तिचे हात मनासारखे झाले नाहीत."

"तिचे हात बरे आहेत. तुमचाच हात उचलत नाही. दारामागं कोण आहे, तेवढं तरी सांगा मला."

रायाजी चामडं घासत राहिला.

एका संध्याकाळी खेळ थांबल्यावर तो लोकांबरोबर उजेडात आला. ऊन कलतं होतं. झुडपांच्या, शेळ्यांच्या लांबच लांब सावल्या उतारावर पडल्या होत्या. येमाजी बुधला घेऊन खाली उतरत होता आणि त्याच्या पायाशी काहीच नव्हतं. बुधल्याची सावली तेवढी एकटी गवतावरून चालली होती. रायाजीने इतरांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एकाही माणसाला सावली नव्हती.

तो धावत आत गेला. पडद्यासमोर सावल्या बसल्या होत्या. ताठ, रांगेने, पडद्याकडे तोंड करून. मधोमध येमाजीचं पागोटं ओळखू येत होतं.

रायाजी घाबरून दोन पावलं मागे सरला. पण त्या भीतीच्या तळाशी एक बारीकसा आनंदही होता. हे तर आता कधीच उठून जाणार नाहीत! त्याने दिव्याची वात सारखी केली आणि तो पुन्हा चामडं घासायला बसला.

काही दिवसांनी हळदीच्या दगडाशी येमाजीची बायको पारू येऊन उभी राहिली. ती आत आली नाही.

"रायाजीदादा, त्यांची गोष्ट संपवा हो. घाण्याचा बैल जागचा हलत नाही, आणि हे त्याच्या बाजूला नुसते उभे राहतात. झोप नाही, जेवण नाही. हाक मारली तर म्हणतात, घाई नाही. ताट पुढं ठेवलं तरी तेच. माझं माणूस वाळून चाललंय, दादा."

रायाजीचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, खरंच भरून आले. "पुढच्या खेळात नक्की, वहिनी," तो म्हणाला. पुढच्या खेळात त्याने मोहनाला नव्या बांगड्या घातल्या.

त्या दिवशी येसूने टोपलीच्या तळातून सगळ्यात पहिली मोहना बाहेर काढली. कडा झिजलेली, मान न वळणारी. तिच्याबरोबर गुरूने दिलेला मेणाचा गोळा घेतला आणि दोन्ही पदरात बांधलं.

"मी निघाले. आज दार उघडत असाल तर थांबते."

"आज नको, येसू. अजून थोडंसं..."

ती दगड ओलांडून गेली. रायाजीला वाटलं, येईल परत. आपल्याला सोडून कोण जातं?

त्यानंतरच्या खेळाला येमाजी आला नाही. तेलही आलं नाही. पारूच पुन्हा दगडाशी आली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "घाण्यापाशी बसले ते उठलेच नाहीत. तुमचं तेल आणणारं माणूस गेलं." एवढं सांगून ती मागे फिरली. बाकीची रांगही घरोघरी अंथरुणाला खिळली होती, चढ चढायचं त्राण कोणात नव्हतं. सावल्या मात्र सगळ्या हजर होत्या. पण सावल्या तेल आणत नाहीत.

तेव्हा कुठे रायाजीच्या काळजाला चटका बसला. दिव्यात तळाशी थोडं तेल उरलं होतं. तो ओरडला, "मंडळी, आज दार उघडणार!" सावल्या एकदम पुढे झुकल्या.

त्याने टोपलीत हात घातला. एक मोहना निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आणखी एक. सगळ्या उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होत्या. कोणती दारापर्यंत पोचली होती, कोणती वाटेतच राहिली होती, त्याला काही आठवेना. ज्योत बुटकी होत चालली. शेवटी हाताला लागली ती मोहना त्याने पडद्याला टेकवली, दारापर्यंत चालवत नेली, आणि दार उघडलं.

मागे कोणीच नव्हतं. नुसता पांढरा पडदा.

मग पहिल्या रांगेच्या मधून, अगदी मायेने, येमाजीचा आवाज आला.

"घाई नाही, रायाजी. आम्ही थांबू."

आणि दिवा विझला.

इकडे येसू खिंडीपलीकडच्या एका गावात पोचली होती. तिथल्या रिकाम्या गोठ्यात तिने एक धोतर ताणून बांधलं, मागे पणती ठेवली आणि दाराशी हळदीचा एक दगड मांडला. तिच्याकडे बाहुली एकच होती. ती मोहनाला झपाझप दारं उघडत शेवटच्या दाराशी घेऊन गेली आणि तेही उघडलं. मागे ठेवायला काही नव्हतं, म्हणून तिने स्वतःचाच हात पुढे केला. त्या हाताच्या सावलीने मोहनाचा हात धरला. बोटं जरा जाडच दिसली. कोणी हसलं, एक म्हातारी कुरकुरली, "एवढंच होय?" पण एका कोपऱ्यात कोणीतरी डोळे पुसले, आणि मग सगळे उठून आपापल्या सावल्या घेऊन घरी गेले.

येसूने मोहनाच्या डोळ्यात मेण भरलं. म्हणाली, "जा बाई आता." आणि तिला नदीत सोडलं.

जिच्यापासून ही वाट बघणं सुरू झालं, त्या पहिल्या मोहनाचा डोळा मिटला, आणि त्याच घटकेला खाली घाण्याच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. त्यांच्या सावल्या परत आल्या होत्या. कोणी भाकरी मागितली, कोणी भिंतीला टेकून बऱ्याच दिवसांनी झोपलं. त्या डोंगराकडे मात्र पुन्हा कोणी फिरकलं नाही.

येमाजीची सावली तेवढी गुहेतच राहिली. तिला परत जायला पाय उरले नव्हते. रायाजी अंधारात भिंत चाचपत बाहेरची वाट शोधतो, दमून खाली बसतो, आणि शेजारून कोणीतरी त्याला हळूच धीर देतं, "घाई नाही."

बोध: आपल्याला जीव लावणाऱ्यांना जो नुसतं वाट बघायलाच लावतो, तो आधी त्यांना संपवतो आणि मग स्वतः संपतो.