चावीवरचा पाळणा

राजाने हुकूम काढला, की येत्या पौर्णिमेपासून राज्यात पाळणा म्हणायचा तो पितळी बाईनेच.

ही पितळी बाई दरबारी यंत्रकार भानुपंतांनी घडवलेली. पाठीत चावी दिली की बारा कडवी सलग गायची. सूर हलायचा नाही, अक्षर चुकायचं नाही. राजा खुळावलाच. गावोगाव अशी एकेक बसवायची, म्हणजे सगळी लेकरं एकाच वळणाची होतील, असं भानुपंतांनी त्याच्या मनात भरवलं.

राजवाड्यात पाळणा म्हणायचा मान साळूबाईचा. तिच्या पणजीपासून चालत आलेला. ती दरबारात जाऊन उभी राहिली. राजा म्हणाला, यंत्रासारखी बारा कडवी बिनचूक म्हणून दाखव, नाहीतर तोंड मिटून घरी बस.

"म्हणते की," साळूबाई म्हणाली. "पण चार दिवसांनी युवराजांचं बारसं आहे, तिथं. आणि निवाडा युवराजांनी करायचा."

बारा दिवसांचा न्यायाधीश! राजाला गंमत वाटली. त्याने कबूल केलं.

इकडे भानुपंतांची पंचाईत. पाळण्यात बाळाचं नाव यायचं, तर त्याचे खिळे आधीच तिच्या पोटातल्या गाण्याच्या चकतीवर ठोकायला हवेत. आणि नाव ठेवायचं आत्याने. बारशाआधी ते फुटायचं नाही, ही रीत. राजाने धाकट्या बहिणीला, इंदुमतीला, हळूच विचारून पाहिलं. ती म्हणाली, "दादा, कानात सांगणारच आहे. पण बाळाच्या."

बहीण आपल्याला दाद देत नाही, हे राजाने भानुपंतांना सांगायचं कसं? त्याने दडपून ठोकून दिलं, नाव रणधुरंधर.

बारशाला इंदुमतीने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि नाव जाहीर झालं, माणिक. लगेच पितळी बाई सुरू झाली, "नीज रे रणधुरंधरा..." बायकांनी पदर तोंडाला लावले. बाळाने भोकाड पसरलं. राजा ओरडला, बंद करा ते.

भानुपंत घाम पुसत म्हणाले, "महाराज, एकदा चावी दिली की बारा कडव्यांशिवाय ती थांबत नाही."

मग बाराही कडवी रणधुरंधर निजला आणि माणिक रडला.

नंतर साळूबाईने पाळण्याची दोरी धरली. पहिल्या कडव्यात माणिक आला, दुसऱ्यात आत्याच्या पाठीतले धपाटे, तिसऱ्यात रागाने लाल झालेले बाबा. आवाज खाली खाली येत गेला आणि पाचव्या कडव्याच्या मध्यावर थांबलाच.

भानुपंत उठले. "साडेसात कडवी राहिली!"

राजाही म्हणाला, "साळूबाई, हरलीस तू."

साळूबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "महाराज, न्यायाधीश निवाडा देऊन झोपलेत. राहिलेली साडेसात कुणाला ऐकवू?"

राजाला हसू आवरेना, आणि बाळ उठेल म्हणून हसताही येईना. शेवटी शेला तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पाळण्याचा मान तिला परत दिला, वर विचारलं, आणखी काय हवं? तिने पितळी बाईच मागून घेतली.

आता ती साळूबाईच्या जोंधळ्यात मचाणावर उभी असते. रणधुरंधराचा पाळणा सुरू झाला की एक पाखरू कणसाकडे फिरकत नाही. चावी द्यायला मात्र रोज भानुपंतांनाच यावं लागतं.