हिमसागरातील शैवलीचे व्रत

पूर्वी कृतयुगात, जेव्हा समुद्रांच्या सीमा नुकत्याच आखल्या गेल्या होत्या आणि पर्वतांनाही पुरते स्थैर्य लाभले नव्हते, तेव्हा दक्षिण दिशेच्या अंती हिमसागर नावाचा एक निर्जन सागर होता. वर्षातील सहा मास तेथे सूर्यनारायण क्षितिजावरून ढळत नसत आणि उरलेले सहा मास दर्शनही देत नसत. वर स्फटिकशुभ्र हिमाचे योजने योजने पसरलेले छत, खाली निश्चल नीलजल, आणि तळाशी पांढऱ्या, पिवळ्या, रक्तवर्णी सागरपुष्पांची उपवने. याचकांच्या गर्दीला विटलेले महर्षी हिमव्रत तेथे एका कृष्णशिळेपाशी तप करीत बसले होते. परंतु मागणारे तेथेही पोहोचलेच.

उष्ण सागरातील अष्टपादांच्या कुळात शैवली नावाची एक जलचरी होती. आठ भुजा, तीन हृदये आणि क्षणात वर्ण पालटण्याची विद्या तिला लाभली होती. शत्रू आलाच, तर त्याच्या नेत्रांवर काळी मसी सोडून ती पाहता पाहता अदृश्य होई. तीन वेळा तिने प्रवाळांच्या कपारीत मोत्यांच्या सरांसारखी अंडी टांगली आणि तिन्ही वेळा मत्स्यांच्या झुंडींनी ती तिच्या डोळ्यांदेखत गिळली. चौथ्यांदा गर्भभार जाणवताच तिने महर्षींच्या शोधात दक्षिणेची वाट धरली. तिला एकटीला जाऊ द्यायचे नाही म्हणून तिचा मानलेला भाऊ, दहा भुजांच्या माकूळकुळाचा अधिपती शरवेग, सोबत निघाला.

हिमसागरात शिरताच शैवलीचे रक्त थिजू लागले. तिन्ही हृदये अडखळू लागली. कशीबशी सरपटत ती महर्षींच्या चरणांशी येऊन पडली आणि म्हणाली, "मुनिवर, मला स्वर्ग नको, राज्य नको. माझी लेकरे जिथे जन्म पाहतील, असा एक कोपरा द्या."

हिमव्रतांनी नेत्र उघडले. "शैवली, तुझे आणि तुझ्या भावाचे रक्त मी या शीत जलातही वाहते ठेवीन. परंतु शीत सर्वच गोष्टी मंद करते. उष्ण सागरात मासभरात उमलणारे अंडे येथे उमलायला वर्षे लागतील. सहस्र अंडी तगणार नाहीत. मोजकीच असतील, मात्र मोठी आणि सत्त्वशील असतील. तोवर तुला जागचे हलता येणार नाही, अन्न घेता येणार नाही. आणि तुझी ती मसी मला द्यावी लागेल. तिचे ओज मी अंड्यांत घालीन."

"आणि लेकरे उमलल्यावर?"

"त्या दिवशी तुझे आयुष्य सरेल. अजून विचार कर. परत जाशील, तर तुला दीर्घायुष्य देतो."

त्या मसीचा शैवलीला गर्व होता. कित्येकदा त्या मसीनेच तिचे प्राण राखले होते. अखेर ती म्हणाली, "मुनिवर, तीन वेळा मी पळून वाचले. माझी लेकरे वाचली नाहीत. घ्या ती मसी."

कृष्णशिळेच्या पोटाशी तिने अवघी बावीस अंडी चिकटवली आणि आठही भुजांनी त्यांना कवटाळले. शरवेग कोळंबी घेऊन येई आणि म्हणे, "भगिनी, एक तरी घास घे." ती म्हणे, "भुजा उचलली, तर अंड्यांवर गाळ बसेल." अशी तीन वर्षे लोटली. तिची कांती फिकुटली, काया सैल पडली. पण अंड्यांवरून मंद जलधारा सोडण्यात तिने कधी खंड पडू दिला नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पर्वतकाय तिमिंगल आला. त्याच्या पुच्छाच्या एका फटकाऱ्याने सागरपुष्पे उन्मळली. शिळेपाशी थांबून तो गर्जला, "मुने, शाप उच्चारू नका. मी अधर्मी नाही, क्षुधित आहे. येथे हिम उदंड आहे, अन्न कुठे आहे? ही अष्टपादी मला हवी."

शैवलीचा वर्ण भयाने पांढराफटक पडला. तरी तिने एकही भुजा हलवली नाही.

हिमव्रत खिन्नपणे म्हणाले, "क्षुधेला शाप लागत नाही."

तोच शरवेग बाणासारखा मध्ये आला. "मग मला वर द्या, मुनिवर! माझे कुळ वर्षभरात वाढो, सहस्रपटीने विवो आणि थव्यांनी हा सागर भरून टाको. तिमिंगला, ते थवे तुझे अन्न. पण खोल जलात धावून, आमचा वेग जिंकून ते मिळवावे लागेल. शिळेला बिलगलेल्या मातेला मात्र स्पर्श करायचा नाही!"

"शरवेगा," शैवली कळवळली, "बावीस लेकरांसाठी सारे कुळ होमात टाकतोस?"

"भगिनी, ही भूक उद्या माझ्याही दारी येणारच होती. आज निदान अट माझी आहे."

तिमिंगलाने मस्तक लववले. महर्षी म्हणाले, "तथास्तु. आयुष्य अल्प, परंतु वंश अखंड." शरवेगाने बहिणीला एकवार डोळे भरून पाहिले आणि तो अथांग जलात झेपावला. तिमिंगल त्याच्या मागे गेला. शरवेग पुन्हा परतला नाही.

पुढच्या वर्षी सूर्योदयाचा पहिला हिरवट प्रकाश हिमातून झिरपला, तेव्हा अंडी उमलली. तीन उमललीच नाहीत. एकोणीस लेकरे मात्र आठही भुजांनिशी, जन्मतःच शिकारीला सिद्ध होऊन बाहेर आली. त्यांतले एक मातेच्या भुजेवर चढले, क्षणभर विसावले आणि निघून गेले. शैवलीने ते पाहिले. मग तिची तीन हृदये एकामागून एक शांत झाली.

तेव्हापासून, असे सांगतात, हिमसागराच्या तळाशी राहणाऱ्या अष्टपादांच्या ठायी मसी नाही, आणि त्यांच्या माता मोजकी अंडी उराशी धरून उपवासात देह ठेवतात. माकूळांचे थवे अल्पायुषी असूनही तो सागर भरून टाकतात. त्यांच्यावर सील जगतात, पेंग्विन पक्षी जगतात, आणि तिमिंगलही जगतो. त्यांच्या मागे तो अंधाऱ्या खोल जलापर्यंत धावत जातो. वाटेत शिळेला बिलगलेली एखादी माता दिसली, तर तिला वळसा घालून जातो.