आईसाठी पडदा

एकदा एका वृद्ध गुरूच्या दारात त्याचा जुना शिष्य दोन खोकी घेऊन उभा राहिला. शिष्याचे नाव हेमराज. वय पंचेचाळिशीच्या पुढचे, नोकरी पंपांच्या कारखान्यात तपासनिसाची. ओतीव लोखंडातली केसाएवढी चीरही त्याच्या नजरेतून सुटत नाही, असा त्याचा लौकिक होता. गुरू म्हणजे त्याला शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी लोक अडीनडीला त्यांच्याकडे येत; आणि हेमराज तर घरातली कोणतीही मोठी खरेदी त्यांना विचारल्याशिवाय करीत नसे.

खोक्यांत दोन स्मार्ट डिस्प्ले होते. टेबलावर ठेवायचा, हाक मारली की ऐकणारा, दूरच्या माणसाचा चेहरा समोर आणणारा पडदा. "दोन्ही न्या, लावून बघा, नको असेल तो परत आणा," असे ओळखीच्या दुकानदाराने सांगितले होते.

"माय गावी एकटी असते, गुरुजी," हेमराज म्हणाला. "मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, एक दिवस चुकवत नाही. पण तिला आता मोबाइल जमेनासा झालाय. कधी भलतंच बटण दाबते, कधी फोन उलटाच धरते. याला बटणाची भानगडच नाही, आपण कॉल केला की हा आपोआप उचलतो. एक मोठा आहे, एक लहान. कोणता घेऊ?"

गुरुजी खिडकीशी टेबलाजवळ बसले होते. दाढी घोटलेली, सदऱ्याला इस्त्री, मांडीपासून खाली शाल. वैशाखात शाल कशाला, असे हेमराजच्या मनात येऊन गेले. पण म्हाताऱ्या माणसाचे हातपाय गार पडतात, असे म्हणून त्याने तो विचार सोडून दिला. खोलीत उदबत्तीचा वास दाटला होता.

"दोन्ही माझ्यासमोर मांड," गुरुजी म्हणाले. परदेशी राहणाऱ्या मुलीने त्यांच्या घरात इंटरनेट बसवून दिलेले होतेच. हेमराजने दोन्ही पडदे जोडले.

"आता बाहेर जा आणि अंगणातून मला कॉल कर."

हेमराजला नवल वाटले. तरी तो अंगणात गेला. फोनवर गुरुजींचा चेहरा उमटला, प्रसन्न आणि स्वच्छ.

"कसा दिसतो मी?"

"छान दिसता, गुरुजी."

"आता गल्लीच्या टोकाला जा. दुसऱ्यावर लाव."

हेमराज उन्हातून गल्लीच्या टोकाला गेला. "कसा दिसतो?" "तसेच. छान." मग गुरुजींनी त्याला पार एसटी स्टँडपर्यंत पिटाळले. तिथून त्याने घाम पुसत तिसऱ्यांदा कॉल केला. "बरे आहात ना, गुरुजी?" असे त्याने या वेळी स्वतःहूनच विचारले.

"अगदी उत्तम," चेहरा हसला. "काही फरक?"

"काहीच नाही. अंगणातून दिसलात तसेच इथूनही दिसता. मोठ्यावर जरा जास्त स्वच्छ."

"मग परत ये. आणि आता समोरच्या खुर्चीत बसू नकोस. इकडून, माझ्या बाजूने ये."

हेमराज टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी आला. उदबत्तीच्या आड असलेला दुसरा वास तेव्हा त्याच्या नाकात शिरला. गुरुजींनी शाल बाजूला केली. उजव्या पायाची दोन बोटे काळी पडली होती आणि घोट्यापर्यंत पाऊल तट्ट फुगले होते.

हेमराजने टेबलाची कड घट्ट धरली. "गुरुजी, हे काय? कधीपासून?"

"पाच आठवडे. साखर आहे मला, ठाऊक आहे ना तुला? खडा रुतल्याचं निमित्त झालं." गुरुजींचा आवाज वर्गात शिकवताना असे तसाच शांत होता. "माझी मुलगी मला रोज बघते, हेमराज. तिला वाटतं, बाबा डोळ्यांसमोर आहेत. पण तिच्यासमोर काय आणायचं, ते मी ठरवतो. मोठा पडदा घेतलास तर चेहरा जास्त स्वच्छ दिसेल, लहान घेतलास तर जरा कमी. पाय दोन्हींत नाही. वास तर कशातच नाही. आणि आत्ता तू मला काय विचारलंस? बरे आहात ना? त्या 'ना'मध्ये उत्तर आधीच घालून ठेवलंस तू. समोरच्यानं फक्त मान हलवायची. माझी मुलगीसुद्धा रोज असंच विचारते, आणि मी मान हलवतो."

"पण तुम्ही तिला सांगत का नाही?"

गुरुजींनी शाल पुन्हा पायांवर ओढली. "तिनं कामधाम टाकून यावं, असं वाटत नव्हतं. नंतर नंतर, इतके दिवस लपवल्याची लाज वाटायला लागली. मी शहाणा आहे म्हणून तुला हे दाखवत नाहीये. मला भीती वाटते, म्हणून दाखवतोय."

त्या दुपारी हेमराजने पडद्यांचा विषय काढला नाही. रिक्षा बोलावून त्याने गुरुजींना इस्पितळात नेले. तिथून गुरुजींनी मुलीला कॉल केला आणि फोन हेमराजच्या हाती देऊन, "पाय दाखव तिला," एवढेच म्हणाले. शेजारचे एक गृहस्थ सोबतीला थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर पाऊल घोट्याच्या वरून काढत होते त्या वेळी, हेमराज पहिल्या गाडीने गावाकडे निघाला होता. येतोय म्हणून त्याने आईला कळवले नव्हते. तसे गुरुजींनीच सांगितले होते.

घराचे दार उघडेच होते. हेमराज उंबऱ्यावर आला आणि तिथेच थबकला. खाटेच्या पायाला जाड सुतळी बांधलेली होती. ती चुलीच्या खोलीपर्यंत गेली होती आणि तिथून मागच्या दाराबाहेर, न्हाणीकडे. त्याची आई सुतळीला धरून एकेक पाऊल टाकीत आतून येत होती. तिच्या पदराला दोन ठिकाणी जळाल्याची भोके पडली होती. डाव्या हाताच्या बोटांवर फोड होते, काही ताजे, काही वाळलेले.

ती त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. थेट त्याच्या तोंडाकडे पाहत तिने विचारले, "कोण आहे?"

हेमराजने तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

"कोण आहे? बोला की."

"माय, मी."

"हेमू?" तिचा हात हवेत चाचपडला, मग त्याच्या छातीला लागला. "असा अचानक? बरं आहे ना सगळं?"

तो तिच्या पायांशी खाली बसला. "कधीपासून दिसत नाही तुला?"

"डावा डोळा दिवाळीच्या आधीच गेला. उजव्यानं भागत होतं. होळीनंतर त्यानंही सोडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस? रोज बोलत होतो मी तुझ्याशी!"

"तू विचारायचास, बरी आहेस ना. मी बरीच होते की. ताप नाही, खोकला नाही." तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू मला दिसत नव्हतास, पण मी तुला दिसत होते ना? म्हटलं, दोघांपैकी एकाला तरी दिसतंय."

आठ महिने तो त्या चेहऱ्याकडे रोज पाहत होता. मोबाइल उलटा का धरते, बटण का चुकते, याचा त्याने शोध घेतला नव्हता. त्यावर फक्त एक यंत्र शोधले होते. डोळे गेलेल्या बाईसाठी तो पडदा निवडत होता, आणि कोणता जास्त स्वच्छ दिसतो याची उन्हात फिरून पारख करीत होता.

त्याच दिवशी त्याने तिला जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी डोळ्यांवर प्रकाश टाकून पाहिले, त्यांतला दाब मोजला, आणि हेमराजला बाजूला बोलावले. काचबिंदू होता. गेलेली दृष्टी यात परत येत नाही. "होळीच्या आधी आणलं असतं, तर उजवा डोळा राखता आला असता," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता, नुसती माहिती होती. हेमराजला ती जास्त लागली.

आता आईला गावी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे चार कपडे एका पिशवीत भरून तो तिला घेऊन आपल्या घरी निघाला. गाडीत ती खिडकीशी बसली. मग चाकांचा आवाज बदलला, पोकळ झाला.

"पूल आला वाटतं," ती म्हणाली. "पाणी किती आहे रे?"

'भरपूर आहे, माय,' हे शब्द हेमराजच्या ओठांपर्यंत आले होते. तो थांबला. खिडकीकडे वाकून त्याने नदी नीट पाहिली.

"नाही माय. पात्र कोरडं पडलंय. मधोमध हातभर धार आहे, तीही हिरवी. वाळूत एक होडी कलंडून पडलीये."

मग तिने त्याचा हात शोधून आपल्या हातात घेतला.

"अजून सांग," ती म्हणाली.