घुशीची सावड

एका जंगलात एक मुरमाड टेकडी होती, आणि त्या टेकडीच्या पोटात एक घूस राहत असे. घूस तुम्ही पाहिली असेल, बाळांनो. दिसायला उंदरासारखी, पण मांजराएवढी मोठी. टेकडीच्या अंगाखांद्यावर बाकीची लहान जनावरं राहत. उतारावर एक उंदरीण आणि तिची पाच पिल्लं, बोरीच्या जाळीखाली एक ससा, आणि वर माळावर चार खडे मांडून त्यालाच घर म्हणणारी एक टिटवी.

या टेकडीवर एक चांगली रीत होती. तिला सावड म्हणत. कुणाचं घर ढासळलं, कुणाच्या दारचा बांध फुटला, की त्यानं बाहेर येऊन "सावड हो, सावड!" अशी हाक द्यायची. हाक ऐकू आली की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून निघायचं. कुणी तोंडातून माती आणायची, कुणी काटक्या, कुणी घासभर दाणे. घर कसं पडलं, मागच्या वेळी तू माझ्याकडे आला होतास का, हे विचारायचं नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. उंदरिणीचं बीळ असं दोनदा पडून दोनदा उभं राहिलं होतं. तिनंही सशाच्या घरासाठी नखं झिजेपर्यंत माती उकरली होती.

घुशीचं बीळ खोल आणि कोरडं. म्हणून सगळे आपले पावसाळ्याचे दाणे तिच्याकडे ठेवायला देत. पावसात बाहेर वेचायला काही मिळत नाही, साठवलेल्यावरच दिवस काढायचे असतात. घूस बोलायला मोठी गोड. "अगं बाई, तुझ्या ओल्या बिळात दाण्यांना बुरशी येईल. माझ्याकडे ठेव. चार ठेव, पाच ने." उंदरिणीनं वेचलेले निम्मे दाणे तिच्याकडे दिले आणि निम्मे घरी ठेवले.

घुशीनं काय केलं, तर त्या दाण्यांवर आणखी घुशी पोसल्या आणि टेकडीच्या पोटात बिळामागून बीळ खणत सुटली. एक दालन बसायला, एक निजायला, एक नुसतंच पाहुण्यांना दाखवायला. पोखरायलाही काही सुमार असावा! ज्येष्ठातल्या एका दुपारी 'धप्प' असा आवाज झाला. घुशीचं सगळ्यांत मोठं दालन छतासकट खाली बसलं. धूळ खाली बसल्यावर सगळ्यांनी वाकून पाहिलं. आत दाणे नव्हतेच. नुसती टरफलं होती.

मग काय विचारता! सगळी टेकडी बिळाच्या तोंडाशी जमली. एरवी पान हललं तरी पळणारा ससा, तो त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं होता.

"बाहेर ये, भवाने!" तो ओरडला. "पोराबाळांच्या तोंडचं खाल्लंस, आता लपून काय बसलीस?"

घूस काही बाहेर आली नाही. आला तो कोल्हा. हा सिंहमहाराजांचा कारभारी, आणि घुशीकडच्या जेवणावळींत पहिल्या पंगतीला बसणारा.

"शांत व्हा, मंडळी," तो म्हणाला. "राग मलाही आलाय."

"तुझे किती दाणे होते रे आत?" टिटवीनं विचारलं.

कोल्ह्यानं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "जरा विचार करा. घुशीची बिळं तुमच्या सगळ्यांच्या घरांखालून गेली आहेत. ती बसली की टेकडी बसेल. टेकडी बसली की तुम्ही जाल कुठं? म्हणून महाराजांची आज्ञा आहे, सगळ्यांनी सावड घालायची. प्रत्येकानं आपल्या दारचा बांध मोडून माती आणायची, आणि खणणाऱ्या घुशींना खायला घरातले दाणे. बीळ उभं राहिलं, की तुमचं ठेवलेलं तुम्हाला आधी मिळेल."

टिटवी कडाडली, "अरे, सावड पडलेल्याला असते, पाडणाऱ्याला नसते! आणि हाक ज्याची त्यानं द्यायची. तू कोण देणारा?"

तेवढ्यात आतून घुशीचा बारीक, रडवेला आवाज आला. "सावड हो, सावड!"

त्या टेकडीवर सावडीला नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत सगळे उभे राहिले. आधी हलली ती उंदरीण.

"वेडी की काय तू?" ससा म्हणाला. "तुझी पाच पोरं आहेत घरात."

"ससेभाऊ, सावडीला एकदा नाही म्हटलं की सावड मरते, असं माझी आई सांगायची. आणि माझे निम्मे दाणे तिच्याकडेच आहेत ना? ती उभी राहिली नाही, तर ते कायमचे गेले."

तिनं दारचा बांध फोडला आणि माती नेली. घरचे दाणेही नेले, दोन मुठी ठेवून. ती गेली म्हणून ससा गेला, ससा गेला म्हणून बाकीचे गेले. धाकट्या पिल्लानं विचारलं, "आई, मग आपण काय खायचं?"

"घूसमावशी देणार आहे ना परत," उंदरीण म्हणाली.

आठ दिवसांत घुशीचं बीळ उभं राहिलं. पहिल्याहून मोठं! नवव्या दिवशी तिनं वास्तुशांत केली. कोल्हा आला, महाराजांच्या गुहेतले सगळे आले. ज्या घुशींनी खणून खणून छत पाडलं होतं, त्यांना 'मेहनत केली' म्हणून ओंजळ ओंजळ दाणे वाटले.

"पाडणाऱ्यांनाच पेढे!" टिटवी वरून घिरट्या घालत ओरडत होती. "अगं ए घुशी, आमच्या घासाचे ढेकर तरी हळू दे!"

सगळे पुन्हा चिडले. घोळक्यानं सिंहाच्या गुहेपाशी गेले. कोल्हा दारातच उभा होता. "महाराज आता भेटणार नाहीत," तो म्हणाला. "दमलेत. सगळी टेकडी वाचवली त्यांनी." सगळे परत फिरले. काहींनी तर वाटेत, आपणच सांगायला चुकलो, असंही मनाला समजावलं.

मग पाऊस आला. तसा तो दरवर्षीच येतो, पण त्या वर्षी उतारावर एकाही दारात बांध नव्हता. वरून लोट आला तो सरळ उंदरिणीच्या बिळात शिरला. ती बाहेर धावली. "सावड हो, सावड!"

ससा आला. टिटवी आली. बाकीचे येणार कुठून? ज्याच्या त्याच्या दारात पाणी होतं. सशाच्या पोटात तीन दिवस अन्न नव्हतं. एक ढेकूळ आणून टाकलं की तो बसकण मारायचा. पाणी चढत होतं. उंदरीण तशीच घुशीच्या दाराशी पळत गेली.

"मावशी, माझे दाणे राहू देत. ते मी मागत नाही. चार घुशी द्या माती ओढायला. नाहीतर पोरांना तुमच्या दालनात घ्या. कोपऱ्यात बसतील हो ती, आवाजसुद्धा करणार नाहीत. पाऊस थांबेपर्यंत, मावशी!"

घूस दारात आली. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. "अगं, पाऊस काय यंदाच आलाय का? आधी दारात बांध घालायला नको? आणि आज तुला आत घेतलं, तर उद्या सगळे येतील. फुकटची सवय वाईट. तुझ्या भल्याचंच सांगते मी."

"माझ्या बांधाची माती तुमच्या छताला लागलीय, मावशी."

"आता जुनं उकरून काय उपयोग?" असं म्हणून घूस आत गेली.

उंदरीण परतली तेव्हा बिळाचं तोंड दिसत नव्हतं. सशानं बुडी मारून एका पिल्लाला शेपटीला धरून ओढून काढलं होतं. ती धाकटी. टिटवी पाण्यावरून नुसती फिरत होती.

सावडीला दोघंच आले होते. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर बुडालेल्या चौघांना सावडायला मात्र सगळी टेकडी आली. कोल्हाही आला. घुशीनं त्याच्या हाती पसाभर दाणे पाठवले होते आणि फार वाईट वाटल्याचा निरोप. ससा दात खाऊन म्हणाला, "फेकून दे ते!" उंदरिणीनं फेकले नाहीत. तिनं ते मुकाट्यानं घेतले. धाकटी कालपासून उपाशी होती.

आता तुम्ही विचाराल, घुशीचं पुढं काय झालं? काही झालं नाही, बाळांनो. बीळ आहे, दालनं आहेत, आणि पाहुणेही येतात. मला खोटं सांगता येत नाही.

झालं ते दुसरीकडेच. वर्ष सरलं. उंदरिणीनं आपल्या एकटीच्या नखांनी दारात नवा बांध घातला. वीतभर उंच, पण घातला. पावसाच्या तोंडावर बोरीच्या जाळीपाशी काहीतरी कोसळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक आली, "सावड हो, सावड!"

आवाज सशाचा होता.

उंदरीण चटकन उठली. दारापर्यंत गेली. तिथं तिनं आपल्या बांधाकडे पाहिलं. मग मागं वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटी दोन पायांत दाणा धरून कुरतडत होती. हाक पुन्हा आली. टेकडीवर कुणाच्या दारात हालचाल नव्हती. जो तो आपल्या बांधामागं बसून होता. उंदरीण माघारी आली आणि धाकटीला पोटाशी घेऊन बसली.

तिसरी हाक आली, ती पहिलीपेक्षा बारीक होती.

"आई," धाकटी म्हणाली, "ससेमामा बोलावतायत ना गं?"

"नाही गं," उंदरीण म्हणाली. "वारा आहे. तू खा."

तात्पर्य : थोरामोठ्यांनी केलेली पडझड गरिबांच्या घासातून भरून काढली, तर नुसता घास जात नाही, गरिबानं गरिबाच्या हाकेला ओ द्यावी, एवढी मायाही मागं उरत नाही.