पट फिरवायचा हक्क

“पण डाव माझ्या सर्व्हरवर आहेत, अण्णा. मग ते पुसायचा हक्क माझा नाही, तर कुणाचा?”

स्वानंदी हेरवाडकरने विचारलं.

रायगोंडा चौगुले बशीतल्या भडंगातले शेंगदाणे वेचून खात होते. सांगलीत जैन बस्तीच्या देवळाशेजारच्या ओवरीत ते बुद्धिबळ शिकवायचे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. स्वानंदी लहानपणी त्यांच्याकडेच शिकली होती. शार्दूल कुरणेही.

“कुणाचे डाव?”

“आम्हाला सोडून शार्दूलकडे गेले, त्यांचे.”

मग तिने सगळं सांगितलं. तिने आणि शार्दूलने मिळून ‘पटांगण’ नावाची साइट काढली होती. बुद्धिबळाचे नाना प्रकार तिथे खेळता यायचे. गोल पटावरचं, सहा कोनी घरांचं, मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा मांडायचं. आपलं जुनं देशीही, ज्यात राजा एकदाच घोड्यासारखी उडी मारतो. ब्राझीलचा एक डॉक्टर आणि बार्शीची एक शिक्षिका तिथे रोज भेटायचे, भांडायचे, पुन्हा खेळायचे.

मग या दोघांचंच बिनसलं. शार्दूल म्हणाला, लोकांना आपापले नियम बनवून टाकू दे. स्वानंदी म्हणाली, असले कच्चे नियम माझ्या साइटवर नकोत. शार्दूल बाहेर पडला. त्याने वेगळी साइट काढली आणि निम्मे खेळाडू त्याच्यामागे गेले.

“त्यांचे जुने डाव अजून माझ्याकडे आहेत. त्यांना ते हवेत. शार्दूलने दोनदा मागितले. मी आज पुसून टाकणार.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस?”

“तुम्हाला सांगून करावं म्हटलं.”

अण्णांनी बशी बाजूला सारली.

“सॉफ्टवेअर जमलंय का चांगलं?”

स्वानंदीची मान ताठ झाली. “तोड नाही त्याला. कुठलाही नियम सांगा, चहा निवायच्या आत खेळता येईल असा करून देते. आणि अण्णा, साइटवर जेवढे प्रकार आहेत, त्या सगळ्यांत पहिला नंबर माझा आहे.”

“कुठलाही नियम?”

“कुठलाही.”

“मग साधंच बुद्धिबळ घे. फक्त मला एक हक्क जास्तीचा. डावात एकदा, मला वाटेल तेव्हा, चाल करायच्या ऐवजी मी पट फिरवणार. तुझ्या सोंगट्या माझ्या, माझ्या तुझ्या.”

“एवढंच?”

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. बोटं भराभर चालली.

“झालं. साइटवर चढलासुद्धा.”

“छान. आता तो मिटून ठेव, आणि माझ्याशी खेळ.”

अण्णांनी लाकडी पट मांडला.

पहिल्या डावात स्वानंदी चाल करून गेली. थोड्याच वेळात तिने अण्णांचा वजीर मारला, मग एक हत्ती. राजा उघडा पडला.

“फिरवतो,” अण्णा म्हणाले.

पट फिरला. तिने रचलेल्या हल्ल्यात तीच सापडली आणि मात झाली.

“समजलं,” ती म्हणाली. “पुन्हा मांडा.”

दुसऱ्या डावात तिने मुद्दाम आपली बाजू मोडून ठेवली. उंट फुकट दिला, प्यादी विस्कटली. आता फिरवा म्हणून वाट बघत बसली.

अण्णांनी पट फिरवलाच नाही. शांतपणे मात केली.

“हा नियम कच्चा आहे,” ती म्हणाली. “यात जिंकताच येत नाही.”

अण्णा सोंगट्या मांडत राहिले…

तिसऱ्या डावात ती अडखळू लागली. एक घोडा उचलला, परत ठेवला. मग उठली आणि अण्णांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथून पट बघितला. परत येऊन बसली, चाल केली. पुन्हा उठली.

“तिकडेच बस की थोडा वेळ,” अण्णा म्हणाले आणि सरकले.

ती भिंतीला टेकून बसली. दारातलं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर आलं. तिने हाताचा आडोसा केला.

“लहानपणी शार्दूल कायम इथे बसायचा,” ती म्हणाली.

“हो.”

“डोळे मिचकावायचा. मी त्याला चिडवायचे, की घाबरलास म्हणून…”

“हो.”

“त्याने कधी सांगितलं का नाही, की इथे ऊन लागतं?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं.

ती आपल्या जागी परतली. आता प्रत्येक चालीला वेळ घेत होती. अण्णांच्या राजाला हवा राहील, आपलाही राजा मोकळा राहील, असं घर शोधत होती. एका ठिकाणी त्यांचा हत्ती आयता मिळत होता. तिने तो घेतला नाही. तिची ओढणी खांद्यावरून घसरून पडली होती, त्याचंही भान नव्हतं.

डाव लांबला. पटावर सोंगट्या दाटीने उभ्या होत्या, कुणीच अडचणीत नव्हतं.

अण्णांचा हात पटाच्या कडेपर्यंत गेला, थांबला आणि परत मांडीवर आला.

स्वानंदीने लॅपटॉप उघडला. बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग एक निरोप लिहिला आणि पाठवायच्या आधी मोठ्याने वाचला.

“शार्दूल, तुझ्याकडच्या सगळ्यांचे डाव उद्या घेऊन जा. एकही गाळलेला नाही. पटांगणात खेळायला मात्र सगळ्यांनी यायचं. तूसुद्धा.”

पाठवला.

उत्तर लगेच आलं. तिने वाचलं आणि हसली. डोळे मात्र भरले होते.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, पट फिरवायचा नवा नियम दिसतोय. बार्शीच्या बाई आणि ब्राझीलचे डॉक्टर खेळायलासुद्धा बसले. डोकं कुणाचं, विचारतोय.”

अण्णा पटाकडे बघत होते. एकदा या बाजूने, मग वाकून त्या बाजूने.

“अण्णा, चाल तुमची आहे. फिरवणार का?”

अण्णांची छाती फुगली, या पोरीने पहिल्यांदा मोठी स्पर्धा जिंकली होती तेव्हा फुगली होती तशी.

“इतकी वर्षं शिकवतोय,” अण्णा म्हणाले, “पण कुठल्या बाजूला बसावं, हे आज पहिल्यांदाच कळेना झालंय.”