हिमाबाईची चाळण

एक होता राजा, आणि त्याची राणी सगुणा. चिंगे, पाय आवर, नाहीतर गोष्ट बंद! हां. तर राजाच्या गावामागं होता एक उंच डोंगर. तिथं राहायची हिमाबाई. जगभरचा बर्फ तीच पाडायची, बरं का. बारीक चाळणीतून चाळून, तांदळाच्या पिठीसारखा. कुणाला त्रास म्हणून नाही.

एकदा काय झालं, राजाच्या लेकीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. राणी लाडवांचं बेसन चाळायला बसली, तर चाळण फाटलेली! दारात हत्ती झुलतात, पण घरात धड चाळण नाही. मोठ्या घरांचं असंच असतं. मग तिनं हिमाबाईची चाळण मागून आणली. बेसन चाळलं, लाडू वळले, डबे भरले. चाळण मात्र खुंटीवरच. का? अरे, शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का कधी? लाडू घालून द्यायचं. आणि लग्नाचे लाडू अक्षता पडायच्या आधी कसे द्यायचे? म्हणून राहिली.

इकडे हिमाबाईची पंचाईत. चाळण परत मागायची तिला भीड. मग तिनं घेतलं सूप. सुपानं कुठं चाळलं जातंय? बर्फ खाली भसाभस, भसाभस!

आता शेवंतीला तीन मामा. एक जपानात, एक रशियात, एक पार अमेरिकेत. कशाला गेले ते विचारू नका, गोष्टीतले मामा लांबच असतात. जपानातल्या मामाचं दार बर्फात गाडलं, तो धोतर सावरत माडीच्या खिडकीतून बाहेर आला. रशियातल्या मामाच्या मिशा गोठून अशी शिंगं झाली, की तो दारातून मावेना. अमेरिकेतल्या मामानं दिवसभर खणून मोटार काढली, तर ती शेजाऱ्याची निघाली! हसा, हसा. पण वाटा सगळ्या बंद. तिघांचाही निरोप आला, येता येत नाही म्हणून.

झालं! मामाशिवाय लग्न लागायचं कसं? नवरीला बोहल्यावर आणायचं कुणी, तिच्या पाठीशी उभं राहायचं कुणी? मामा नाही तर लग्न नाही. लग्न नाही तर लाडू नाहीत. लाडू नाहीत तर चाळण परत नाही. आणि चाळण नाही तोवर बर्फ थांबत नाही! राजा डोकं धरून बसला. शेवंतीचे डोळे रडून रडून लाल.

रडता रडता तिची नजर गेली खुंटीकडे.

"आई, ही चाळण कुणाची गं?"

राणीनं सांगितलं. शेवंती ताडकन उठली. चाळण काढली, लाडवांनी शिगोशीग भरली. राणी ओरडली, "अगं, हळद लागलीय तुला! उंबरठा ओलांडू नकोस!"

"मामाच आले नाहीत, तर ती हळद काय चाटायचीय?" म्हणाली, आणि निघालीसुद्धा. अशी हवी पोरगी!

डोंगर चढून, धापा टाकत, ती हिमाबाईच्या दारात उभी राहिली. हिमाबाईनं लाडू पाहिले. एक तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांना पाणीच आलं. आजवर तिच्या घरी कुणी गोडाचं घेऊन गेलंच नव्हतं. थंडीला घाबरून सगळे आपले लांब. म्हातारी आनंदानं अर्धी वितळली, बाई!

मग तिनं चाळण हातात घेतली. तिला लागलेली शेवंतीच्या हाताची हळद. मग काय, तिन्ही देशांत पडला पिवळा पिवळा बर्फ! मामांनी ओळखलं, "अरे, भाचीला हळद लागली!" हिमाबाईनं साचलेल्या बर्फाच्या तीन घसरगुंड्या केल्या, थेट मांडवापर्यंत. मामा बसले परातीत. सूंऽऽ धप्प! सूंऽऽ धप्प! आणि तिसरा मामा सूंऽऽ करत गेला तो जिलब्यांच्या ताटात!

मग लग्न थाटात लागलं. नवरीच्या पाठीशी तिन्ही मामा एकमेकांना ढकलत उभे. पहिल्या पंगतीत हिमाबाई. जाताना राणीनं तिला लाडवांचा डबा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी डबा परत आला. रिकामा? छे! हिमाबाईलाही रीत कळत होती. काठोकाठ बर्फ भरलेला! साऱ्या गावानं त्यावर गुलाबाचं सरबत ओतून खाल्ला, आणि सगळे मजेत राहिले.

चला, पांघरुणं ओढा. हिमाबाई चाळायला बसलीय. दंगा केलात तर तिचा हात हलतो, आणि मग बसा तुम्ही मोटारी खणत!