तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

“म्हणजे मीटर खोटं बोलतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

तनुजा कुलथेचा आवाज जरा चढलाच होता. कासमउस्तादांनी मान वर केली नाही. सातपूरच्या त्या अरुंद गाळ्यात ट्रक-रिक्षांचं वायरिंग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. चढे आवाज त्यांनी पुष्कळ ऐकले होते.

“मीटर खरंच बोलतंय,” ते म्हणाले. “तू त्याला बसल्या जागी विचारलंस.”

तनुजाला काही उमगलं नाही. तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. इमारतींच्या काचा धुण्याचा तिचा व्यवसाय होता आणि त्याची गाडी तिने स्वतः जुळवली होती. खाली चाकं, वर पाण्याची टाकी, बॅटरी, पंप. पंपातून निघालेली नळी लांबलचक पोलमधून टोकाच्या ब्रशापर्यंत जायची. माणसाने जमिनीवर उभं राहायचं आणि तिसऱ्या मजल्याची काच धुवायची. शिडी नको, झुला नको. या गाडीचा तिला अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

पण महिनाभर तिचा पंप मध्येच मान टाकत होता. तिने पंप बदलला. बॅटरी बदलली. वीज मोजायचं मीटर घेऊन वायरची जागा न् जागा तपासली. सगळीकडे बारा पूर्णांक सहा व्होल्ट, म्हणजे अगदी बरोबर.

आताही तिने पोल आडवा ठेवून बटण दाबलं. ब्रशातून पाणी फसकन उडालं. तिने उस्तादांकडे पाहिलं, जणू म्हणत होती, पाहा, माझं काही चुकलेलं नाही.

उस्तादांनी पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हा पोल धरतं कोण?”

…

तनुजाने मग अडखळत सांगितलं. मथुरामावशी धरायच्या, पहिल्या दिवसापासून. पन्नाशीच्या, कामाला चोख. पण पंप बंद पडायचा तो नेमका त्यांच्याच हातात. तनुजाने तपासला की सुरळीत. पाणी वर गेलं की पंप दमतो, असं मावशी दोनदा म्हणाल्या होत्या. तनुजाने त्यांना चारचौघांत ऐकवलं होतं, की पंप दमत नसतो मावशी, माणसं दमतात. नळीवर पाय पडत असेल तुमचा. गेल्या आठवड्यात तिने त्यांना घरीच बसवलं. त्यांच्या जागी दुसरी बाई आणली. दुसऱ्याच दिवशी पंप तिच्याही हातात थांबला.

“आणि तू कधी धरलास?”

“मी गाडी बनवते, उस्ताद.”

उस्ताद उठले. शेजारी तीन मजली लॉज होतं. त्याच्या सगळ्यात वरच्या खिडकीकडे त्यांनी बोट केलं, आणि पोल तिच्या हातात दिला.

तनुजाने पोल उभा केला. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. वाऱ्याने टोक डुलत होतं आणि तो डोल थेट खांद्यात उतरत होता. उस्तादांनी बटण दाबलं. पाणी वर चढलं, काचेला लागलं… मिनिटभरात धार बारीक झाली. पंपाचा आवाज खाली बसत गेला.

तनुजा त्या आवाजाकडे कान लावून राहिली. घरी, जमिनीवर, हा आवाज तिने एकदाही ऐकला नव्हता.

ती मीटर घ्यायला वळणार तोच उस्तादांनी पोल स्वतःकडे घेतला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाय रोवून उभा राहिला.

“मीटर राहू दे. वायरवरून हात फिरव. सावकाश.”

बॅटरीपाशी वायर गार होती. फ्यूजपाशी गार. बटणापाशी गार. बटणापुढे चार बोटांवर एक लाल आवरण होतं. तिथे बोट थबकलं.

वायर ऊन लागत होती. चांगलीच ऊन.

तनुजाने बटण बंद केलं आणि ब्लेडने आवरण चिरलं. आत तांबं हिरवं पडलं होतं. पाणी झिरपून जोड कुजला होता. एवढ्या तारांमधल्या तीन-चारच काय त्या एकमेकींना धरून होत्या. पोल आडवा असताना पंपाला जोर लागत नव्हता, म्हणून तेवढ्यातूनही मीटरला पुरती वीज दिसत होती. पाणी वर चढवायला पंपाला जोर लावायची वेळ आली, की ते त्या तीन-चार तारांच्या आवाक्याबाहेर जात होतं.

लाल आवरण तिनेच चढवलं होतं. जोड तिच्याच हातचा होता.

उस्तादांनी पोल आडवा ठेवला. त्यांनी डाख द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री तापवून तिच्यापुढे ठेवली. तिने तारा खरवडून लखलखीत केल्या, पीळ दिला, डाख दिला, नवं आवरण बसवलं. पोल पुन्हा उभा राहिला, या वेळी तिच्याच हातात. पंपाचा आवाज एका सुरात लागला. तिसऱ्या मजल्यावरून कित्येक वर्षांची धूळ काळ्या ओघळांनी खाली येऊ लागली. आतल्या माणसाने काय चाललंय ते बघायला खिडकी उघडली आणि तोंडभर पाणी घेऊन पुन्हा लावून घेतली.

तनुजाला हसू आलं, पण ते ओठांवर फार टिकलं नाही.

तिने पंप बंद केला. पोल भिंतीला टेकवून ती दंड चोळत उभी राहिली. मावशींना आजच बोलावून घेते, असं ती म्हणाली. उद्या त्या कामावर येतील. पण एवढं बोलून बसल्यावर आता तोंड कसं उघडायचं, तेच तिला कळत नव्हतं.

“चूक माझी होती, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगू, उस्ताद?”

उस्ताद सोल्डरिंगच्या इस्त्रीची वायर गुंडाळत होते.

…

“आधी तिच्या हातातला पोल घे,” ते म्हणाले. “मग बोल.”